जाळी बांधायची युक्ती

साल दोन हजार बावीस, मार्गशीर्षातली थंडी. सेलूच्या कापसाच्या जिनिंगमध्ये आमच्या दिगंबरचं बोट मशीनमध्ये कापलं. सुरक्षेची जाळी त्यानं सुतळीनं वर बांधून ठेवली होती. मालक म्हणाला, "नियम मोडलास, आता घरीच बस."

चौकशीला परभणीहून कारखाना निरीक्षक मॅडम आल्या. त्यांनी दिगंबरला खुर्ची दिली, चहा पाजला. "दोष नाही शोधत मी. काम कसं करता, तेवढं सांगा." तो सांगत होता, मॅडम वहीत लिहीत होत्या. मी तिथला तीस वर्षं जुना मिस्त्री, दाराशी उभा. आधीच्या हंगामात दिगंबरनं मला मशीनच्या पट्ट्यातून ओढून वाचवलं, तेव्हापासून सगळी जिनिंग त्याचंच नाव घ्यायची. त्यात आता खुर्चीही त्यालाच.

"जाळी वर बांधून चालू मशीनमधून अडकलेला कापूस काढायचा, हे सुचलं कसं तुम्हाला?"

मला राहवलं नाही. "त्याला काय सुचतंय? जाळी बांधायची युक्ती माझी हाय. समद्यांना मीच शिकवली."

मॅडम माझ्याकडं वळल्या.

"म्हणजे सगळेच बांधतात?"

"समदेच. बंद करायचं बटन पार तिकडं भिंतीला. जाऊन येईस्तोवर मुकादम शिव्या घालतो."

मॅडमनी वही मिटली. "मग ही एका माणसाची चूक नाही. बटन हाताशी आणा, आणि दिगंबरना परत कामावर घ्या." मालकानं मान डोलावली.

बाहेर दिगंबरनं पट्टी बांधलेला हात कपाळाला लावला. "मामा, माझ्यापायी अंगावर घेतलंत."

खरं कारण मी सांगितलं नाही. म्हणालो, "पट्ट्यातून ओढलं होतंस. फिटलं."