हलकीशी चढण

गुरुग्रामच्या ऑफिसात बसून क्रूझवाल्यांच्या किनाऱ्यावरच्या सहलींची वर्णनं लिहिणारी तेजश्री महाराष्ट्र सदनाच्या कँटीनच्या रांगेत उभी होती. समुद्र तिने शेवटचा पाहिला तो शाळेच्या सहलीत. पुढे दोघं बोलत होती.

“बोटीतून उतरलं की ‘हलकीशी चढण’ लिहिलं होतं, वहिनी. चारशे पायऱ्या निघाल्या! मी तर अर्ध्यातच फतकल मारली.”

“अहो भावजी, पण सोसायटीच्या ग्रुपवर केवढं सुंदर लिहिलं होतंत!”

“ते क्रूझवाल्यांच्याच पत्रकातलं चिकटवलं. फतकलीचं काय लिहिणार?”

“अहो, ते वाचून आम्ही कालच बुकिंग केलं! यांचे दोन्ही गुडघे आत्ताच बदललेत.”

“अरे देवा! लिहिणाऱ्यालाच आधी त्या पायऱ्या चढायला लावायला हव्यात.”

“कुणाला? त्यांना की तुम्हाला?”

तेजश्रीने गळ्यातलं ऑफिसचं कार्ड हळूच उलटं केलं.