डोंगरआजीची चाल

थांबा, थांबा — एस्केप नका दाबू! ...दाबलंत? अरेरे. नाही हो, बिघडलं काही नाही, मशीनला काय होतंय — पण गेम संपल्यावर ही बारीक अक्षरात नावं वर सरकत जातात ना, ती संपेपर्यंत माझ्या या सायबर कॅफेत कुणी उठत नाही. नियमच आहे. भिंतीवर बघा, 'थुंकू नये'च्या खाली, लाल अक्षरात — 'नावं पूर्ण बघावीत'. पोरं हसायची सुरुवातीला, आता तीच एकमेकांवर ओरडतात. एवढासा तुमचा झोंबींचा गेम, पण तोही कुणीतरी बसून केलाच असेल की नाही? तुम्ही नवीन दिसता. सिडकोहून? मग नाशिकरोडला कसे — बरं, पाहुणे आलात. मग तर बसाच. नियम का केला ते ऐकल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही.

सुलामावशींमुळं. सुलाबाई पगारे, आमच्याच कॉलनीतल्या, विहाराच्या मागची गल्ली. सातपूरला कारखान्यात पॅकिंगला होत्या, रिटायर झाल्या, गुडघा गेला — म्हणजे आहे जागेवर, पण चालण्याआधी जरा थांबतात, कमरेवर हात ठेवतात, मग डावा पाय असा फेकल्यासारखा पुढं, आणि मग एकदम भरभर — जणू त्या थांबल्या तेवढ्यात कुणीतरी रांगेतला त्यांचा नंबर घेऊन पुढं गेलंय. चौकातून दिसल्या तरी ओळखू येतात. आणि त्यांची मुलगी मनाली. मनाली म्हणजे — काय सांगू — हुशार. बिनसाखरेचा चहा पिते. नाही, ते आपलं सहज सांगितलं.

तर ही मनाली गंगापूर रोडला एका गेम कंपनीत होती. 'तिरपा कावळा' — कंपनीचं नाव हो, मी नाही ठेवलं. पैठणीच्या दुकानाच्या वर ऑफिस. तिचं काम काय, तर चाल बसवायची. गेममधला माणूस चालतो कसा, वळतो कसा, दम लागला की वाकतो कसा — तुम्हाला वाटतं ते आपोआप होतं? मलाही वाटायचं. एकेक पाऊल बसून करावं लागतं. काही वर्षं ती एकाच गेमवर होती — 'डोंगरआजी'. एका म्हातारीची शेळी हरवते, ती शोधायला म्हातारी डोंगर चढते, वाटेत माकडं, बिबट्या, आणि सेल्फी काढणारा एक घोळका. घोळका सगळ्यात अवघड, बिबट्या परवडला. आणि म्हातारीची चाल कुणाची? बरोब्बर. पोरीनं आईला गच्चीवर इकडून तिकडं चालवली, मोबाइलमध्ये घेतली, आणि जशीच्या तशी उतरवली. थांबण्यासकट.

गेम बाहेर यायच्या थोडं आधी मालक — ओम सर म्हणतात सगळे, सर कशाचे ते विचारू नका — मालक म्हणाला, मनाली, आजी जरा स्मार्ट चालू दे. ती म्हणाली, सर, आजी आहे. तो म्हणाला, आजी आहे पण हिरोईन आहे. ती म्हणाली, तिचा गुडघा दुखतो. तो म्हणाला, गेममध्ये गुडघा कुठनं आला? झालं! शब्दानं शब्द वाढला, हिनं राजीनामा दिला आणि डबा घेऊन घरी. गंमत पुढं आहे — चाल बदलायला कुणाला वेळच उरला नाही. गेम त्याच चालीनं बाहेर आला आणि लोक त्या चालीवरच खूश झाले हो! बंगलोरला बक्षीस मिळालं, सर्वांत जिवंत चाल म्हणून. घ्यायला कोण गेलं? ओम सर. जो माणूस स्वतः पहिल्या मजल्यावर लिफ्टनं जातो, तो.

इकडं मनालीनं हैदराबादच्या मोठ्या कंपनीत अर्ज केला, त्यांनी सरळ विचारलं — ही चाल तुमची म्हणता, मग गेमच्या शेवटी तुमचं नाव का नाही? म्हणजे पोरगी थापा मारते असंच वाटलं त्यांना. या धंद्यात गेमच्या शेवटी येणारं नाव हाच दाखला असतो, दुसरं काही नाही. ती घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडली. गेमचा विषय निघाला की उठून गच्चीवर. केस पण विंचरत नव्हती — मी डबा द्यायला गेलो होतो, तेव्हा दिसली. कसला डबा? माझ्या आईनं केलेली भाकरी-चटणी. शेजारधर्म आहे, त्यात काय.

मग एक दिवस दुपारी सुलामावशी इथं आल्या, या दारातून. म्हणाल्या, 'सनी, मनूचं नाव नाही असं कसं होईल? नावं शेवटी असतात म्हणे. मग शेवटपर्यंत जायला नको का? ते हैदराबादचे लोक मधेच उठले असतील.' मी म्हटलं, मावशी, हे बघा, कुणीतरी शेवटाचा व्हिडिओ टाकलाय, दाखवतो. दाखवला. नाव नव्हतं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणतात, 'ह्या व्हिडिओवाल्यानं कापलं असेल. मी स्वतः जाते.' स्वतः जाते म्हणजे कुठं — तर डोंगरावर! गेम खेळून! ज्या बाईला टीव्हीचा रिमोट उलटा धरायची सवय, ती बाई!

रोज जेवण झालं की यायच्या. चष्मा, पाण्याची बाटली, गुडघ्याला पट्टा. पहिल्या दिवशी आजी जागची हललीच नाही, कारण मावशी कीबोर्डला हात लावायच्या आधी तिला सांगायच्या — 'चल गं बाई.' दुसऱ्या दिवशी हलली ती थेट विहिरीत. परत, परत विहिरीत. पोरं शिकवायला लागली, मावशी उजवं दाबा, मावशी उडी, उडी! त्या म्हणायच्या, 'या वयात उडी मारतं का कुणी?' आणि उडी न मारता जायची वाट शोधत बसायच्या. बिबट्या आला की हातातलं सोडून स्क्रीनला 'हाड, हाड' करायच्या. बिबट्या खायचा. माकडाला काठी मारायची असते तिथं — मारणार नाहीत म्हणजे नाहीत. 'पिल्लू आहे तिच्या पोटाशी, दिसत नाही का?' अहो मावशी, त्याला मारल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही! 'मग बसते इथंच.' आणि बसल्या. आख्खी दुपार गेममधली आजी आणि बाहेरच्या मावशी माकडासमोर बसून राहिल्या — आणि तुम्हाला खोटं वाटेल, माकड उठून गेलं! आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं की ते जातं. पोरं तोंडं वासून बघत राहिली.

असं करत करत शेळी सापडली. त्या दिवशी इथं उभं राहायला जागा नव्हती. शेळी बें करून आजीच्या पायाशी आली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाल्या, 'गप्प बसा, नावं येतायत.' आणि आली ना नावं. झाडं करणारे, दगड करणारे, आवाज करणारे. मग गेम चालू असताना कुणाकुणाला बाळं झाली त्या बाळांची नावं. चहावाल्याचं. ओम सरांच्या योगगुरूचं. आणि सगळ्यात शेवटी, मोठ्या अक्षरात, फोटोसकट — 'ब्रूनो, मनोबल प्रमुख'. कुत्रा! ऑफिसातला कुत्रा हो! मनालीचं नाव नाही. मावशींनी चष्मा काढला, पुसला, आणि मला म्हणाल्या, 'सनी, स्कूटर काढ.'

गेलो. तिरपा कावळाच्या ऑफिसात काचेचं दार, गालिचा, पोरंपोरी कानाला डबडी लावून बसलेली. मावशी 'जय भीम' म्हणून ओम सरांच्या समोर बसल्या. तो काही वाईट बोलला नाही, मी खोटं कशाला सांगू — पाणी दिलं, गोड बोलला. म्हणाला, काकू, आमचा नियम आहे, गेम रिलीज होताना जो ऑफिसात होता त्याचंच नाव. मावशी म्हणाल्या, 'आणि कुत्रा?' तो म्हणाला, ब्रूनो... ब्रूनो गेला हो आमचा. डोळ्यांत पाणी त्याच्या. मावशींनी पण पदर लावला डोळ्याला, मग विचारलं, 'कधी गेला?' गणपतीत. 'आणि गेम कधी आला?' दिवाळीत. आता आली का पंचाईत! तो म्हणतो, पण काकू, ब्रूनोनं राजीनामा नव्हता दिला. 'म्हणजे मेल्यावर नाव राहतं, सोडून गेलं की जातं?' तो म्हणाला, बरं, 'विशेष आभार'मध्ये टाकतो मनालीला. मावशी म्हणाल्या, 'आभार पाहुण्यांचे मानतात. ती कामाला होती.'

आणि उठल्या. उठल्या म्हणजे कशा — जरा थांबल्या, कमरेवर हात, डावा पाय फेकला, आणि भरभर गालिच्यावरून दाराकडं. भाऊ, काय सांगू तुम्हाला. एका पोरीनं कानातलं डबडं काढलं. मग दुसऱ्यानं. सगळे हळूहळू उभे राहिले. महिनोन् महिने रात्रंदिवस जी चाल त्यांनी स्क्रीनवर बघितली होती ती समोरून चालत निघाली होती, हातात पिशवी घेऊन! एक सृष्टी नावाची पोरगी, झाडं करते, तिच्या तोंडून निघूनच गेलं — 'आजी!' मावशी वळल्या. वळल्या पण तशाच, आधी खांदा, मग मान. म्हणाल्या, 'काय गं?' ती पोरगी रडायलाच लागली.

पुढच्या अपडेटमध्ये ओम सरांनी काय केलं असेल? नाव टाकलं. कुणाचं? 'सुलाबाई पगारे — आजीची चाल'! म्हणजे नियम पण मोडला नाही — मावशी कधी तिथं नोकरीला नव्हत्याच ना — म्हातारी पण खूश. कॉलनीत पेढे वाटले लोकांनी, विहारात सत्कार ठरला. मावशी माझ्याकडं आल्या, ते नाव बघितलं, बराच वेळ बघितलं. रेशनकार्डाच्या बाहेर कधी कुठं छापलं नव्हतं हो त्यांचं नाव. मला वाटलं, विरघळल्या. म्हणाल्या, 'काढायला सांग. मी नुसती चालले. ती चाल केली तिनं.' सत्कार रद्द. पेढे मात्र खाऊन झाले होते.

हे मी त्या सृष्टीला फोनवर सांगितलं — त्या दिवशीच नंबर घेतला होता — आणि तिकडं भडका उडाला. ती ऑफिसात म्हणाली, आज मनाली, उद्या आपण. कोण जन्मभर इथं राहणार आहे? सगळ्यांनी मिळून लिहून दिलं — तिचं नाव नसेल तर आमचंही काढा. ओम सर तापला, म्हणाला काढतो! काढली सगळ्यांची, बाळं, चहावाला, योगगुरू यांच्यासकट. तेव्हा सृष्टी म्हणाली, सर, रिलीजच्या दिवशी तुम्ही तर गोव्याला होता. नियम म्हणजे नियम! त्याचंही गेलं. उरलं कोण? ब्रूनो! त्याचं काढायला ओम सरांचा हात होईना. आख्ख्या जगात डोंगरआजी हा गेम एकट्या ब्रूनोनं केलेला. हसू नका, परदेशातून पत्रं आली, ब्रूनोसाहेबांची मुलाखत मिळेल का म्हणून! एका कंपनीनं त्याला नोकरी द्यायची तयारी दाखवली. ओम सर कुणाकुणाला सांगणार, की ते आता उपलब्ध नाहीत?

शेवटी त्यानं हात टेकले. ज्यानं ज्यानं काम केलं त्याचं त्याचं नाव, मग तो असो, गेलेला असो. मावशींनी पुन्हा शेळी शोधली, या वेळी मनालीला शेजारी बसवून. नावं आली. झाडं, दगड, आणि — 'मनाली भिकन पगारे — आजीची चाल'. मनालीनं आईचा हात धरला. आणि मावशी म्हणाल्या, 'ह्यांचं पण आलं की गं.' भिकनकाका जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ. मधल्या नावातनं ते पण येऊन गेले.

हो, मग हैदराबादनं लगेच बोलावलं. म्हणजे नाव लागलं म्हणूनच बोलावलं ना — नसतं लागलं तर कुठं जाणार होती, इथंच राहिली असती. ...तसं नाही हो. चांगलंच झालं. मीच तर स्कूटर काढली होती, मीच फोन केले, मला काय कळत नव्हतं का पुढं काय होणार ते? कळत होतं. स्टेशनवर बॅग पण मीच चढवली, खिडकीची जागा बघून दिली, थर्मासमध्ये चहा भरून दिला. बिनसाखरेचा. गाडी हलली तशी दारात आली आणि ओरडली, 'सनीदादा, आईकडं लक्ष ठेव हां!' दादा. पहिल्यापासून दादाच म्हणते ती मला...

काय बघताय असं? मी काही म्हणालो का? नाही ना? मग झालं तर. उठा, तुमची वेळ संपली, मागं पोरं ताटकळलीत. आणि जाताना दार नीट ओढून घ्या.