दामाच्या बाटलीतलं लोणी

गुतेमा : ती खिडकी लावा की हो, एतेते. डोळ्यांत सुया खुपसल्यागत होतंय.

झेनेबेच : थोरली बहीण म्हणून एतेते म्हणतोस, मग जरा ऐक. खिडकी लावून मी काय चाचपडून सांगू? जनावरांच्या दवाखान्यात सकाळपासून वीज नाही. हा मायक्रोस्कोप उन्हावर चाललाय. अंगावरची गाबीची चादर ओढून घे तोंडावर.

बोन्तू : ओढलेलीच आहे, एतेते. माझा नवरा घरातही तशीच ओढून बसतो. नवी नवरी बरी, ती निदान जेवायला तरी तोंड बाहेर काढते.

गुतेमा : तू गप. घोडा बाहेर उन्हात उभाय, पायावर माश्या घोंगावतायत. एतेते, काय ते एकदाचं सांगा. दामाला मारायचा म्हणत असाल तर मलाच सांगा. घरी येऊन पोरींसमोर नको.

झेनेबेच : कोण मारतंय तुझ्या घोड्याला? मागच्या महिन्यात पहिली बाटली आणलीस ना पुवाची, ती मी पाहिली. आपल्या मोजो गावातल्या निम्म्या गारी-टांग्यांच्या घोड्यांना आहे तेच आहे. गाठी येतात, फुटतात, पायावर माळेसारख्या चढत जातात. बुरशी आहे ती. आयोडीन लाव, खोगिराचं फडकं दुसऱ्या घोड्याला वापरू नकोस, आणि दोन महिने गारीला जुंपू नकोस.

गुतेमा : दोन महिने! मग गारी मी ओढू?

बोन्तू : उभं राहता येतंय का आधी ते बघ.

गुतेमा : म्हणजे दामा जगेल.

झेनेबेच : जगेल. तुझ्याहून... जगेल. बोन्तू, दुसरी बाटली तू आणलीस ना? गेल्या सोमवारी?

बोन्तू : हो. तुम्हीच म्हणाला होता ना, पुन्हा एकदा आणा म्हणून.

झेनेबेच : म्हणाले होते. कुठल्या पायाची?

बोन्तू : मागच्या. डाव्या.

झेनेबेच : आणि वर 'दामा' लिहिलंस.

बोन्तू : दुसरं काय लिहिणार? घोडा एकच आहे आमच्याकडे.

झेनेबेच : बोन्तू, मी इथे आले तेव्हा बाटल्या धुवायला आले. अकरा वर्षं नुसत्या बाटल्या धुतल्या. शिकलेली नाही मी, पण कुठल्या बाटलीत काय होतं ते मला वासावर कळतं. घोड्याच्या मागच्या पायाला लोणी कोण लावतं?

गुतेमा : कसलं लोणी?

झेनेबेच : लोणी रे. ताजं. वर सुगंधी पाला घातलेलं. आपल्याकडे डोकं दुखायला लागलं की टाळूवर थापतात ते. तुझ्या कपाळावरून आत्ताही ओघळतंय ते.

बोन्तू : माझे हात... माझ्या हाताला लागलं असेल. सकाळीच थापलं होतं याच्या डोक्यावर, तेच हात.

झेनेबेच : असेल. पहिल्या बाटलीत दामाचे केस होते, शेण होतं, धूळ होती. हिच्यात एक केस नाही. आधी मलाही वाटलं, लोण्याचेच थेंब दिसतायत. काळी शाई घातली. त्या काळोखात गोल गोल, आणि प्रत्येकाभोवती पांढरं वर्तुळ. म्हटलं लोणीच. पुसून पुन्हा बघितलं. तर एकेकाला छोटं पिल्लू फुटलेलं. आणि लोण्याला पिल्लं होत नाहीत, बोन्तू.

गुतेमा : मला काही समजत नाही. दामाच्या पायात दोन प्रकारच्या बुरश्या आहेत, असं म्हणायचंय का?

झेनेबेच : दामाची बुरशी लहान, लिंबाच्या आकाराची, पेशींच्या पोटात दडून बसते. बशीत वाढवायला ठेवली तर महिना-दीड महिना ढिम्म. ही तिसऱ्या दिवशी वर आली. साय धरावी तशी, चकचकीत. ही दामाची नव्हे.

गुतेमा : मग कुणाची?

बोन्तू : एतेते, तुम्ही नुसतं औषध सांगा ना. कुणाची का असेना. एकच औषध असेल ते पाण्यात घालून...

झेनेबेच : गुतेमा, गाबी जरा वर कर. कपाळ बघू दे. जवळ ये. हे फोड कधीपासून?

गुतेमा : हे? ह्या उन्हाच्या पुटकुळ्या. महिना झाला. मधे खड्डा पडतो, बस. दुखत नाहीत.

झेनेबेच : एकावर खपली नाही. कुणीतरी खरवडलीय.

गुतेमा : बोन्तू?

बोन्तू : तू झोपला होतास.

गुतेमा : झोपलेल्या माणसाचं कपाळ खरवडलंस? आणि घोड्याच्या बाटलीत घातलंस?

बोन्तू : मग काय करू? तीन आठवडे ओरडतोयस डोकं डोकं म्हणून. परवा धाकटीला नावाने हाक मारता येईना तुला. हॉस्पिटलात चल म्हटलं की अंगावर येतोस. घोड्याला कुणी विचारत नाही, तू कुठे गेला होतास, काय केलंस. म्हटलं, घोड्याच्या नावावर तरी कळू दे.

गुतेमा : चोरटी.

झेनेबेच : चोरटी म्हण, काही म्हण. तिने बाटली आणली नसती तर आज मी तुला हे सांगत नसते. नीट ऐक. मान खाली घाल. हनुवटी छातीला लाव.

गुतेमा : नाही लागत. अडतेय मान.

झेनेबेच : किती दिवस?

गुतेमा : झाले... चार. पाच.

झेनेबेच : आज मोठ्या हॉस्पिटलात जायचं. उद्या नाही, आजच. पाठीतून सुईने पाणी काढतील, त्यात हीच बुरशी सापडते का बघतील. सापडली तर औषध आहे त्यावर. वेळेत मिळालं तर माणूस उठून बसतो. मी हे वर्तुळ आधी एकदा पाहिलंय, गुतेमा. तेव्हा आम्ही आठवडाभर वाट बघितली, बरं वाटेल म्हणून.

बोन्तू : आणि?

झेनेबेच : ऊठ, गुतेमा. बाहेर बजाज उभी आहे.

गुतेमा : बजाजमध्ये नाही बसायचा मी. त्या तीनचाकी डब्यांनी आमचा धंदा खाल्ला.

झेनेबेच : मग आजारी घोड्याला जुंपून जा वरातीसारखा! पण जा.

गुतेमा : जातो, जातो. पण एक लिहून द्या, एतेते. ही घोड्याचीच बुरशी आहे, घोड्यापासून मला लागली, असं कागदावर लिहून द्या. गारीवाल्याला घोड्याचं लागतंच. त्यात कुणी काही बोलत नाही. तिथे गेलो की आधी बोट टोचून रक्त बघतात, ठाऊक आहे मला. त्या तेसेमा गारीवाल्याचं टोचलं, आठवड्यात त्याच्या गारीत बाया बसेनात. गर्दी असली तरी त्याची गारी रिकामी.

झेनेबेच : खोटं नाही लिहायची मी. इतकी वर्षं एवढंच तर काम केलंय, ही बुरशी कोणती, ती कोणती. ही घोड्यापासून येत नाही.

गुतेमा : मग कुठून आली?

झेनेबेच : कबुतरांच्या घाणीत असते. मातीत असते. वाऱ्यावर उडते. तुझ्या नाकात गेली तशी माझ्याही गेली असेल, बोन्तूच्याही, पोरींच्याही.

गुतेमा : मग तुमच्या कपाळावर का नाही?

झेनेबेच : धडधाकट शरीर तिला दारात उभं करत नाही.

गुतेमा : मी धडधाकट नव्हतो? दोन पोती खांद्यावर घ्यायचो एका वेळी. बोला की. मलाच का?

झेनेबेच : ते मला विचारू नकोस. मी जनावरांची बाई.

गुतेमा : मग कुणाला विचारू?

(बाहेर घोडा पाय आपटतो.)

बोन्तू : मला विचार.

गुतेमा : तुला? तुला काय कळतं त्यातलं?

बोन्तू : धाकटी पोटात असताना दवाखान्यात माझं रक्त घेतलं होतं. पुढच्या वेळी नवऱ्याला आणा, तिथल्या नर्सबाई म्हणाल्या. मी म्हटलं, तो गारी घेऊन बाहेर असतो. तीन वर्षं हेच सांगतेय त्यांना, गारी घेऊन बाहेर असतो. घाबरले मी. तू हाकलून देशील म्हणून घाबरले. नंतर वाटलं, तू माझ्यामुळे म्हणशील, मी तुझ्यामुळे म्हणेन, आणि पोरी ऐकतील. धाकटी सुटली त्यातून, तिचं तपासलंय. मी रोज गोळी घेते. बघ माझ्याकडे. गाबी वर कर आणि बघ, दिसते का मी आजारी?

गुतेमा : कसली गोळी, बोन्तू?

बोन्तू : एचआयव्हीची. मला आहे, गुतेमा. तुलाही असणार.