डुकराच्या वर्षाची सासू

तैवानमधल्या ताइनानच्या देवळाबाहेर, बारा प्राण्यांच्या नावांच्या वर्षांवरून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषाच्या रांगेत उभ्या शू-फेनने पुढच्या दोघींच्या बोलण्याकडे कान लावले.

“मुलाच्या पत्रिकेत पाच तत्त्वांपैकी लाकूड औषधालाही नाही गं. म्हणून नोकरी टिकत नाही, असं गुरुजी म्हणाले.”

“मग उपाय?”

“तो जन्मला सशाच्या वर्षी, सून बकरीच्या. घरात डुकराच्या वर्षाचं माणूस आलं, की तिघांचं मिळून लाकूड होतं.”

“अगं, डुकराच्या वर्षाची तर तूच!”

“तेच तर! लगेच सुनेला फोन केला. म्हटलं, माझी खोली तयार ठेव.”

“काय म्हणाली?”

“‘बरं झालं सांगितलंत, आई.’ आणि संध्याकाळी स्वतःच्या आईला आणून ठेवलं. तीही डुकराच्याच वर्षाची!”

“मग आता इथं कशाला?”

“एका घरात दोन डुकरं चालतात का, विचारायला.”