बाबलकाकांचं गाऱ्हाणं

तुम्ही फोनवर डोंगरांचे नकाशे शोधत बसलाय म्हणून सांगते. सावंतवाडीला आमच्या शाळेच्या खिडकीतून एक निळा डोंगर दिसतो. रोज बघून बघून तो स्वप्नात यायला लागला, तेव्हा मी आणि माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सुलभाने तोच चढायचा ठरवला.

पायथ्याच्या वाडीत काजूच्या बागेत बाबलकाका भेटले. ते वाट सांगू लागले, तर मी फोन दाखवला. "काका, नकाशा आहे आमच्याकडे."

"बरा. पण गाऱ्हाणा घातल्याशिवाय वर जावचा नाय." त्यांनी बागेतल्या देवापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून मोठ्याने साकडं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही दोन चेडवां तुझ्या माथ्यार येतत. जोड जांभळीकडे तेंका उजवीकडे वळव. पाण्याचो आवाज इलो की डावीकडे घाल. मगे कातळ धरून वर घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मनात म्हटलं, किती लांबवतात!

अर्ध्यावर धुकं उतरलं. फोनमधली रेघ करवंदीच्या जाळीत शिरून संपली. सुलभा रडवेली झाली, आणि तेवढ्यात पांढऱ्या धुक्यातून दोन जांभळी हळूच पुढे आल्या.

"व्हय म्हाराजा," सुलभा पुटपुटली. आम्ही उजवीकडे वळलो. मग पाणी वाजलं. मग कातळ लागला. माथ्यावर ढग आमच्या पायाखाली होते.

उतरल्यावर मी विचारलं, "काका, वाट आम्हालाच का नाही सांगितलीत?"

"तुमका सांगूक गेलंय, तर तुम्ही माका फोन दाखयल्यात. देवाकडे फोन नाय. तो गप ऐकता."