बॅटरीला लावलेलं कुंकू

माझं माहेर नागरवाड्यातलं, वडील कचेरीत कारकून, घरात मराठी आणि ओट्यावरून उतरलं की गुजराती, असं आम्हा बडोद्याच्या लोकांचं बोलणं, तर मध्ये मध्ये खटकेल ते तसंच लिहा, सुधारत बसू नका. लग्न होऊन आले ती प्रतापनगरला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. आमचे हे वर्कशॉपात, आणि घरी आले की विमान करायचे. खेळणं म्हणाल तर रागावतील. पेट्रोलवर चालणारं, रिमोटचं, पंख एवढे लांब की बाहेरच्या खोलीत विमान आणि आम्ही जेवायला स्वैपाकघराच्या दारात. काय सांगू तुम्हाला, त्या शेपटीपायी माझं कपाट गॅलरीत गेलं. मी कुरकुरले नाही, खोटं कशाला, कुरकुरले थोडी, पण त्या कामात असताना हे किती खुशीत असायचे, ते मला आवडायचं.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. पाने, करवत, माझी विळी, शिवणाचं मशीन, सगळ्यांना हळदकुंकू, तसंच विमानाला, आणि त्याच्या बॅटऱ्यांनाही. बॅटऱ्या दोन असतात बरं का. एक इंजिनाच्या ठिणगीची, दुसरी रिमोटचा हुकूम ऐकून पंख-शेपूट हलवणाऱ्या छोट्या मोटारींची. लाकूड आणि इंजिन ह्यांच्याकडे, पण बॅटरी कुठली घ्यायची ते ठरवायचे दिलीपराव. दिलीपराव म्हणजे ह्यांचे शाळेपासूनचे मित्र, यायचे, चहा घ्यायचे, वहिनी वहिनी करायचे. त्यांनी मोटारींसाठी लहानशी बॅटरी आणली, म्हणाले वजन वाचतं, चालशे. आता ऐका, बॅटरी हलकी म्हणून नाक हलकं पडलं, विमान शेपटीवर बसायला लागलं, तर त्याच माणसाच्या सांगण्यावरून ह्यांनी नाकात शिसं भरलं. वजन वाचवायला हलकी बॅटरी आणि वजन भरायला शिसं! मला वाटलं असेल काही शास्त्र.

दुसऱ्या दिवशी दसरा, सावली गावाकडच्या माळावर विमानवाल्यांच्या क्लबची सगळी मंडळी. रिमोट दिलीपरावांच्या हातात, का तर कसरती त्यांना येतात. गिरक्या घेतल्या, उलटं उडवलं, आणि एकदम विमान ऐकेनासं झालं. इंजिन चालू, जोरात ओरडतंय, आणि हा माणूस रिमोटच्या दांड्या फिरवतोय तरी पंख ढिम्म. पडलं ते थेट एरंडाच्या शेतात, पंख एकीकडे, नाक एकीकडे. दिलीपरावांनी मोटारींची बॅटरी उचलली, तिच्यावर माझं कुंकू, आणि घरी मला वहिनी म्हणणारा हा माणूस तिथे मुद्दाम गुजरातीत ओरडला, भाभीए तो बॅटरीने पण चांदलो कर्यो, कंकु प्लगमां गयुं! म्हणजे वहिनींनी बॅटरीलाही टिळा लावला, कुंकू प्लगात गेलं. सगळा माळ हसला. बायका हसल्या. आमच्या ह्यांनी मान खाली घातली आणि तुकडे गोळा करायला लागले. मला सांगा, त्यांची एवढी मेहनत मी मातीत घातली असं लोकांनी धरलं तर मी घरात तोंड कसं दाखवू? ह्यांनी तर हत्यारं बांधूनच ठेवली.

मी ती बॅटरी पिशवीत घातली. मी कुंकू वरच्या कागदावर लावलेलं, वायरीच्या प्लगपासून लांब. आणि इंजिन तर शेवटपर्यंत ओरडत होतं, म्हणजे ठिणगीची बॅटरी शाबूत, दगा दिला तो दुसरीनं. मी मोबाईलवर पाहून पाहून शिकले, डोक्यात राग असला की सगळं लवकर शिरतं. पडून ती बिघडली असं कोणी म्हणू नये म्हणून तसलीच नवी आणली. मीटर लावला तर पूर्ण भरलेली. मग तिला स्कूटरच्या हेडलाइटचा दिवा जोडला, आणि काटा धपकन खाली. रिकामी बसली की ठणठणीत आणि काम सांगितलं की आजारी. कसरतीत सगळ्या मोटारी एकदम ओढायला लागल्यावर ती काय टिकणार? मग मी बॅटऱ्या शोधल्या, मोठ्या, जड, ओढ लागली तरी न ढळणाऱ्या, आणि एक नाही, दोन, दोन वेगळ्या स्विचांवर, एक गेली तर दुसरी विमान घरी आणेल. आणल्या, दिव्यावर तपासल्या, आणि ठेवल्या. कोणाला बोलले नाही. वाट पाहिली.

पुढचा दसरा. दिलीपरावांचं नवं विमान, आमच्यापेक्षा मोठं, आणि पाहायला त्यांचे व्याही आलेले. आत तसलीच लहान बॅटरी, नाकात तसंच शिसं. खरं सांगते, पडू दे असंच माझ्या मनात होतं. पण समोर माणसं बसलेली, कोणाच्या डोक्यात पडलं तर? मग मी उठले, मीटर आणि दिवा घेऊन सगळ्यांच्या मध्ये गेले, म्हटलं दिलीपराव, जरा जोडू का? काटा पडला तो व्याह्यांनी पाहिला. क्लबचे प्रमुख म्हणाले, आ नहीं उडे. मी पिशवीतून माझ्या बॅटऱ्या काढल्या. दिलीपराव हळूच म्हणाले, वहिनी, द्या ना. म्हटलं देते की, नाकातलं शिसं काढा, ह्या बॅटऱ्यांच्याच वजनानं तोल येईल. पण आज दसरा, पूजा केल्याशिवाय मी देत नाही, आणि ती तुमच्या हातानं. कुंकवाची डबी पुढे धरली आणि गुजरातीत, मोठ्यानं, म्हटलं, बराबर चांदलो करो, दिलीपभाई! तीच माणसं हसली. त्यांनी बोट बुडवून दोन्ही बॅटऱ्यांना कुंकू लावलं. विमान उडालं, छान उतरलं. माफ केलं का विचाराल तर नाही केलं. आता दर खंडेनवमीला त्यांचा फोन येतो, वहिनी, डबी घेऊन या.

पण त्या दिवशी घरी येताना स्कूटरवर हे म्हणाले, मला तेव्हाच दिसलं होतं गं, प्लग स्वच्छ होता. म्हटलं मग बोलला का नाहीत? तर म्हणे, दिलीपला वाईट वाटलं असतं.

त्याला वाईट वाटलं असतं!

आता ह्यांचं नवं विमान तयार आहे, पुन्हा बाहेरच्या खोलीत, रंगसुद्धा वाळलाय. नाकात बॅटऱ्यांची जागा रिकामी. रोज सकाळी चहा घेताना विचारतात, कुठल्या घालायच्या गं? मी म्हणते, बघू. देव ह्यांना आणि दिलीपरावांना, दोघांनाही उदंड आयुष्य देवो, तब्येती चांगल्या ठेवो. मला काही घाई नाही.