मीनाबाजारात लागलेलं बक्षीस

तुम्ही लोक हल्ली वेटरला बक्षीस देता, तेव्हा मला आमचे दिग्रसचे बडेबाबू आठवतात. ऑफिसातले हेडक्लार्क, पण आम्ही त्यांना बडेबाबूच म्हणायचो.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. यवतमाळला मीनाबाजार लागला होता. रिंगा फेकून बक्षीस जिंकून आणतो, असा शब्द बडेबाबू घरी देऊन आले होते. एकही रिंग बसली नाही. "आता घरी कोणतं तोंड दाखवू?" म्हणत ते मला घेऊन तिथल्याच तंबूतल्या हॉटेलात शिरले.

कटलेट आलं. बडेबाबूंनी ते उलटून पाहिलं.

"याच्यावरची तर्री कुठं हाय?"

"कटलेटवर तर्री नसते, साब," नागपूरहून आलेला वेटर म्हणाला.

"मंग हे कोरडं कायले आणलं? मी काय प्रवासाले निघालो?"

तरी खाल्लं, बिलही चुकतं केलं. मग वेटरनं चकचकीत प्लेटमध्ये बडीशेप आणली, ती पुढे धरून अदबीनं वाकला आणि म्हणाला, "साब, बक्षीस."

बडेबाबूंचा चेहरा एकदम उजळला. "मले?"

"आपकी मर्जी, साब."

"मर्जी काय इचारतं? देऊन राह्यला तर घेतो ना!"

बडीशेप तोंडात, प्लेट पिशवीत आणि बडेबाबू तंबूबाहेर. वेटर भानावर येऊन मागे धावला. "साब, प्लेट! प्लेट!"

बडेबाबूंनी वळून साऱ्या मीनाबाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "हो रे बाबा, प्लेटच लागली! तुह्या पोटात काहून दुखून राह्यलं?"